वसईच्या उषा मराठे 'उषा किरण' झाल्या, हिंदी-मराठी दोन्हीकडं नायिका झाल्या; मग आपण त्यांना कुणाची तरी आई म्हणूनच का ओळखतो?

आम्हा माहीमकरांचा एक कायमचा त्रास आहे. गाव माहीम म्हणून सांगितलं की समोरचा थेट दर्ग्यावर, हलव्यावर आणि वेस्टर्न लाईनच्या माहीम स्टेशनवर जाऊन पोहोचतो. मग सांगावं लागतं, तसं नाही हो, पालघरचं माहीम. पानमळ्यांचं. तरीही चेहरा कोरा दिसला तर शेवटचं हत्यार काढायचं, "केळवे बीच माहितीये ना? त्याच्या शेजारचं." केळवे म्हटलं की लगेच ट्यूब पेटते.

खरंतर ब्रिटिशांच्या काळात ठाणे जिल्ह्यातला हा तालुकाच माहीम नावानं ओळखला जायचा. पालघर मोठं झालं ते रेल्वेमुळं. पण आज आमचं गाव ओळखलं जातं ते शेजारच्या गावाच्या नावानं.

आता तुम्ही म्हणाल, याचा सिनेमाशी काय संबंध. सांगतो.

१७ नोव्हेंबर २०२२ ला पंजाबी सिनेमातल्या ज्येष्ठ अभिनेत्री दलजीत कौर गेल्या. लुधियाना जिल्ह्यातल्या सुधार या गावी, वयाच्या ६९ व्या वर्षी, दीर्घ आजारानंतर. 'पुत्त जट्टां दे', 'मामला गडबड है', 'सैदा जोगन', 'पटोला' असे पंजाबी घराघरांत माहीत असलेले सिनेमे त्यांच्या नावावर. अभिनयाचं शिक्षण आपल्या पुण्यात, एफटीआयआयमध्ये झालेलं. म्हणजे जिथं एकेकाळी 'प्रभात'चा स्टुडिओ होता त्याच आवारात. पण त्या गेल्या तेव्हा देशभरात जी बातमी फिरली तिचा मथळा ठरलेला होता, 'पॉलिवूडची हेमा मालिनी' गेली.

म्हणजे बघा, आपल्या भाषेत नायिका म्हणून एवढे सिनेमे करायचे, आपला प्रेक्षक उभा करायचा आणि शेवटी ओळख काय, तर दुसऱ्या भाषेतल्या दुसऱ्या नटीचं नाव. केळव्याच्या शेजारचं माहीम म्हणतात ना, अगदी तसंच.

वर्षभराच्या आत आपल्याकडंही हेच झालं. ४ जून २०२३ ला सुलोचनादीदी गेल्या. 'मीठ भाकर', 'वहिनींच्या बांगड्या' या सिनेमांची नायिका, २००९ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळालेली बाई. पण मोबाईलवर ज्या बातम्या फिरत होत्या त्यात त्या मुख्यतः हिंदी सिनेमातल्या मोठमोठ्या नायकांची पडद्यावरची आई होत्या. मराठीतलं नायिकापण एखाद्या ओळीत उरकलेलं.

आणि या पंगतीत तिसरं एक नाव आहे जे थेट आमच्या पालघर जिल्ह्यातलं आहे. पण इथल्या कुठल्या नाक्यावर विचाराल तर दहातले नऊ जण सांगतील, "तन्वी आझमीची आई ना?" आताची पोरं असतील तर, "सैयामी खेरची आजी?"

नाव उषा किरण. मूळच्या वसईच्या उषा मराठे.

हे असं का होतं, हाच विषय आहे. आठवण काय, कुणी ठेवो न ठेवो, असं म्हणून तो सोडून देता येत नाही, कारण यावरच ठरतं की कुठला सिनेमा जपला जाणार आणि कुठला डब्यात सडणार.

तर सुरुवातीपासून बघू.

उषा मराठे यांचा जन्म २२ एप्रिल १९२९ चा, वसईतला. तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती. (पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्यामुळं जुन्या पुस्तकांत त्यांचं नाव ठाण्याच्या यादीत दिसलं तर गोंधळू नका.) घर ब्राह्मणाचं, परिस्थिती ओढग्रस्तीची, मुली पाच, त्यातली ही तिसरी. आणि नवल असं की पोरीनं नटी व्हावं ही इच्छा वडिलांची, बाळकृष्ण विष्णू मराठे यांची.

हे नवल का, ते कळायला जरा मागं जावं लागेल. मराठी रंगभूमीवर बाईची भूमिका बाईनं करणं ही काही फार जुनी गोष्ट नव्हती. बालगंधर्वांच्या काळात ती पुरुषच करायचे. १९३३ ला नाट्यमन्वंतर संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' आणलं, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक रंगमंचावर आल्या आणि गोष्टी बदलायला लागल्या. सिनेमात १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गा खोटे आल्या तेव्हा चांगल्या घरच्या बाईनं असं करावं का यावर केवढी चर्चा झाली होती. उषा मराठे त्यावेळी तीन वर्षांच्या होत्या. म्हणजे त्या मोठ्या होईपर्यंत दार किलकिलं झालेलं होतं, सताड उघडं नव्हतं.

त्या या दारातून आत शिरल्या ते मो. ग. रांगणेकरांच्या नाटकामुळं. रांगणेकरांची नाट्यनिकेतन ही संस्था १९४१ ची. घरातल्या दिवाणखान्यात घडणारी, कौटुंबिक, सुटसुटीत नाटकं हा त्यांचा हातखंडा, आणि अशा नाटकांना बोलकी, सहज वावरणारी मुलगी लागायची. उषा मराठे यांनी इथं 'आशीर्वाद' या नाटकात काम केलं आणि सुरुवात झाली.

पहिला सिनेमा कुठला, तर 'कल्पना'. १९४८ चा. नृत्यसम्राट उदयशंकर यांनी आयुष्यात केलेला एकमेव सिनेमा. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत शूटिंग झालं. अख्खा सिनेमा नृत्यावर उभा आहे. दक्षिणेतली पुढची मोठी स्टार पद्मिनी हीसुद्धा याच सिनेमातून आली. त्या झुंडीत वसईची ही मुलगी होती, भूमिका छोटी. ही गोष्ट डोक्यात ठेवा, 'कल्पना'कडं आपण नंतर परत येणार आहोत.

मग १९५० ला 'गौना' आला. दिग्दर्शक अमिय चक्रवर्ती. या माणसानं उषा किरण यांना नुसती संधी दिली नाही, तर त्यांच्यावर पैज लावली असं म्हणायला हवं. कारण पुढची चार वर्षं तो त्यांना एकेका सिनेमात घेत राहिला.

१९५२ ला 'दाग'. नायक दिलीपकुमार, नायिका निम्मी आणि दुसरी बाजू सांभाळायला उषा किरण. याच 'दाग'साठी दिलीपकुमारना फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पहिलावहिला पुरस्कार मिळाला. आणि त्यानंतर १९५३ ला आला 'पतिता'.

इथं जरा थांबू, कारण 'पतिता' हा विषय मोठा आहे.

नायक देव आनंद, संगीत शंकर-जयकिशन. एवढं ऐकलं की हलकाफुलका सिनेमा डोळ्यांपुढं येतो. प्रत्यक्षात नायिका आहे एक दरिद्री मुलगी. अपंग बाप, भीक मागायची वेळ आलेली, तिच्यावर बलात्कार होतो आणि त्यातून मूल होतं. आणि हे सगळं माहीत असताना नायक तिच्याशी लग्न करतो. साल १९५३ आहे हे विसरू नका. हिंदी सिनेमात अशा मुलीचं काय व्हायचं ते ठरलेलं असायचं, शेवटच्या रिळात तिनं जीव द्यायचा म्हणजे नायक दुसरीशी लग्न करायला मोकळा. 'पतिता'नं ते केलं नाही. ती जगते, तिचं मूल जगतं आणि सिनेमा तिच्या बाजूनं उभा राहतो.

असली भूमिका घ्यायला तेव्हाच्या मोठ्या नायिकेनं दहादा विचार केला असता. एकदा पतिता म्हणून शिक्का बसला की पुढं सगळे तसेच रोल येण्याची भीती. उषा किरण यांचं वय तेव्हा २४. माझं स्पष्ट मत सांगतो, हिंदीत त्यांचं हे सगळ्यात मोठं काम. त्यांचा चेहरा त्या काळच्या मापानं फार झगमगीत नव्हता, शेजारच्या घरातली मुलगी वाटायची. पण त्याच चेहऱ्यामुळं 'पतिता' खरा वाटतो. झगमगीत नटीला फाटकं लुगडं नेसवलं की ते लुगडं आधी दिसतं आणि दुःख नंतर. इथं तसं होत नाही.

पुढच्याच वर्षी १९५४ ला 'बादबान'. बादबान म्हणजे शीड, आपल्या होडीचं. मच्छीमारांच्या वस्तीच्या पार्श्वभूमीवरची गोष्ट. दिग्दर्शक फणी मजुमदार. अशोककुमार, देव आनंद, मीनाकुमारी आणि उषा किरण. सातपाटी-मुरब्यापासून अर्नाळ्यापर्यंत ज्या किनाऱ्यावर होड्याच होड्या दिसतात त्या जिल्ह्यातल्या बाईला हा सिनेमा मिळावा, हा योगायोग मला मजेशीर वाटतो.

पण 'बादबान'ची खरी गोष्ट पडद्यामागं आहे. १९३४ ला हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मालाडला उभा केलेला बॉम्बे टॉकीज हा दणकट स्टुडिओ तोवर कर्जात बुडाला होता. कामगारांचे पगार निघत नव्हते. तेव्हा स्टुडिओतल्या कामगारांनी सहकारी संस्था काढली आणि 'बादबान' त्या संस्थेनं केला. स्टुडिओ काही वाचला नाही, हा बॉम्बे टॉकीजचा शेवटचा सिनेमा ठरला. पण १९५५ च्या फिल्मफेअर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री हा पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला, तेव्हा तो मिळाला 'बादबान'साठी उषा किरण यांना.

म्हणजे हा पुरस्कार मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या अभिनेत्री वसईच्या. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी लिहून ठेवा, येईल कधीतरी.

आता हे सगळं झालं हिंदीचं. आणि गंमत बघा, मीसुद्धा अर्ध्या लेखापर्यंत हिंदीच सांगत बसलो. हीच तर मेख आहे.

कारण याच वर्षांत बाई मराठीत नुसत्या पाहुण्या म्हणून येत नव्हत्या, नायिका म्हणून उभ्या होत्या. १९५१ ला 'जशास तसं'. १९५४ ला, म्हणजे 'बादबान'च्याच वर्षी, 'पोस्टातली मुलगी' आणि 'कांचनगंगा'. १९५९ ला 'शिकलेली बायको'. १९६० ला 'कन्यादान'. १९६२ ला 'गरिबाघरची लेक'.

या सिनेमांची नावं एकामागोमाग एक वाचा. पोस्टातली मुलगी, शिकलेली बायको, कन्यादान, गरिबाघरची लेक. पन्नाशीच्या दशकात मराठी मध्यमवर्गाच्या घरात जे काही चाललं होतं, त्याची ही यादीच झाली. मुलगी शिकतेय, ती नोकरीला लागतेय, शिकलेली बायको घरात आली तर नवऱ्याचं आणि सासरचं काय होणार, गरीब बापानं लेकीचं लग्न कसं लावायचं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत पोस्ट, टेलिफोन, शाळा, दवाखाने इथं कामाला लागलेल्या मराठी मुलींची जी पिढी होती, ती पडद्यावर स्वतःला शोधत होती आणि तिला जो चेहरा सापडला तो उषा किरण यांचा.

'शिकलेली बायको' हा त्यातला सगळ्यात गाजलेला. दिग्दर्शक माधव शिंदे, नायक सूर्यकांत. संगीत वसंत प्रभूंचं, गाणी पी. सावळारामांची. घरात आजी असेल तर तिला विचारा, सिनेमाची गोष्ट आठवो न आठवो, गाणी नक्की आठवतील. रांगड्या मर्दानी भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सूर्यकांत यांच्यासमोर शिकल्या-सवरल्या बाईचा संयम उभा करायचा होता, आणि तिथं रंगभूमीवर तयार झालेलं बोलणं कामाला आलं.

आता मुख्य प्रश्नाकडं येऊ. दोन्हीकडं नायिका असलेल्या बाईची एक बाजू लक्षात राहते आणि दुसरी पुसली जाते, असं का?

पहिलं कारण बाजाराचं आहे. १९३० च्या दशकात 'प्रभात' एकच गोष्ट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत बनवायचं. 'अयोध्येचा राजा' दोन्हीत, 'कुंकू'चा हिंदी अवतार 'दुनिया न माने'. त्यामुळं दुर्गा खोटे किंवा शांता आपटे यांना मराठी की हिंदी असं निवडावंच लागलं नाही, एकच भूमिका दोन्हीकडं जायची. स्वातंत्र्यानंतर ही पद्धत मागं पडली. हिंदीला अख्ख्या देशाचा बाजार मिळाला, मोठा पैसा आला. मराठी सिनेमा कमी पैशात, महाराष्ट्रापुरता बनायला लागला. आणि दोन्हीचं केंद्र एकच, मुंबई. म्हणजे मराठी नटीला हिंदीत जायला गाव सोडावं लागत नव्हतं, पण एकाच शहरात एक मोठं दुकान आणि शेजारी एक छोटं दुकान झालं होतं. गिऱ्हाईक कुठल्या दुकानाची पाटी लक्षात ठेवणार?

पंजाबीचं याच्या अगदी उलट झालं आणि तरी शेवट तोच झाला. पंजाबी सिनेमाचं घर होतं लाहोर. १९४७ ला फाळणी झाली आणि घरच सीमेपलीकडं गेलं. कलाकार, निर्माते, संगीतकार मुंबईत आले. त्यातले बहुतेक हिंदीत मिसळले, आणि पंजाबी सिनेमाही पुढं बराचसा मुंबईत बसूनच बनत राहिला. १९६९ ला 'नानक नाम जहाज है' आला आणि पंजाबी सिनेमाला पुन्हा जीव आला. पण ऐंशीच्या दशकात पंजाब पेटला. दलजीत कौर यांचा जोराचा काळ नेमका तोच. पंजाबी सिनेमाचा मोठा नायक वरिंदर याला डिसेंबर १९८८ मध्ये 'जट्ट ते जमीन'च्या शूटिंगदरम्यान गोळ्या घातल्या गेल्या. ज्या इंडस्ट्रीत नायकाचा असा खून होतो तिथं नायिकेच्या कामाचा हिशोब कोण ठेवणार?

एकीकडं घर गेलेलं, दुसरीकडं घरातच मोठा भाऊ बसलेला. दोन्हीकडच्या बायकांच्या वाट्याला हिंदीची फूटपट्टी.

दुसरं कारण वयाचं आणि लग्नाचं. उषा किरण यांचं लग्न झालं डॉ. मनोहर खेर यांच्याशी, जे मुंबईच्या सायन रुग्णालयाचे अधिष्ठाता होते. १९६१ पर्यंत त्या जोरात दिसतात. त्या एका वर्षात राज कपूर-वैजयंतीमाला यांच्यासोबत श्रीधर यांचा 'नजराना' आणि बलराज साहनींसोबत 'काबुलीवाला', ज्यात त्या छोट्या मिनीची आई आहेत. बिमल रॉय निर्माते. वय ३२. तिशी ओलांडली की हिंदीत नायिकेची आई होते हा नियम तेव्हाही होता, आजही फारसा बदललाय असं नाही. त्यानंतरची दहा वर्षं त्यांचं नाव पडद्यावर क्वचितच दिसतं.

त्यांना पुन्हा आणलं हृषिकेश मुखर्जींनी. यामागंही जुनी ओळख आहे. १९५७ ला हृषिदांनी दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा केला, 'मुसाफिर'. एकाच घरात एकामागोमाग येणारे तीन भाडेकरू आणि त्यांच्या तीन गोष्टी. त्यातल्या तिसऱ्या गोष्टीत दिलीपकुमार आणि उषा किरण. पंधरा वर्षांनी, १९७२ ला 'बावर्ची'मध्ये हृषिदांनी त्यांना बोलावलं.

'बावर्ची' पुन्हा लागला तर एक गोष्ट बघा. शर्मांच्या त्या भांडकुदळ घरात दोन जावा आहेत. थोरली दुर्गा खोटे आणि धाकटी उषा किरण. स्वयंपाक कुणी करायचा यावरून दोघींची धुसफूस चाललेली. मराठी घरांतली पहिली बोलपटातली मोठी नायिका आणि तिनं उघडलेल्या दारातून आलेली दुसरी, दोघी एका हिंदी सिनेमात जावा बनून चुलीसमोर उभ्या. राजेश खन्ना सगळा सिनेमा खाऊन टाकतो हे खरं, पण या दोघींचं टायमिंग बघायला मी तो सिनेमा कितीही वेळा बघीन.

१९७५ ला दोन सिनेमे, दोन्ही हृषिदांचेच. 'मिली'त त्या आजारी जया भादुरीची आई. आणि 'चुपके चुपके'त शर्मिला टागोरची बहीण, म्हणजे ओमप्रकाश यांच्या त्या शुद्ध हिंदीच्या वेडापायी वैतागलेली बायको. सगळ्या मीमांमध्ये धर्मेंद्रचा 'प्यारेमोहन' असतो, त्या फ्रेमच्या कडेला हसू दाबत उभी असलेली बाई उषा किरण आहेत. आणि धर्मेंद्रचा पहिला सिनेमा कुठला होता? १९६० चा 'दिल भी तेरा हम भी तेरे'. त्यातही उषा किरण होत्या. पंजाबातून आलेला तो नवखा पोरगा पंधरा वर्षांनी सुपरस्टार झाला होता आणि त्याच्या पहिल्या सिनेमात आपलं नाव आधीच कमावून बसलेली बाई त्याची मेहुणी झाली होती.

हीच त्यांची आज सगळ्यात जास्त बघितली जाणारी भूमिका आहे. भूमिका गोड आहे, काम सुरेख आहे, तक्रार तिच्याबद्दल नाही. पण 'पतिता' आणि 'शिकलेली बायको' करणारी बाई आपल्या मोबाईलमध्ये फक्त ओमप्रकाशची बायको म्हणून उरली, हे काही बरोबर वाटत नाही.

पुढं १९९६ आणि १९९७ या वर्षी त्या मुंबईच्या नगरपाल झाल्या. नगरपाल म्हणजे शेरीफ. अधिकार शून्य, मान मोठा असं हे पद. शहराच्या वतीनं पाहुण्यांचं स्वागत करायचं, मोठं कुणी गेलं तर शोकसभा बोलवायची. ऐंशीच्या सुमाराला दिलीपकुमार यांनीही हे पद सांभाळलं होतं. म्हणजे 'दाग' आणि 'मुसाफिर'मधले दोघंही पुढं मुंबईचे नगरपाल. 'उषःकाल' या नावानं त्यांनी आत्मचरित्रही लिहिलं. ९ मार्च २००० ला नाशिकमध्ये त्या गेल्या.

घरात मात्र वारसा चालू राहिला. मुलगी तन्वी आझमी. विजया मेहतांच्या 'रावसाहेब'मधून पुढं आलेली, अडूर गोपालकृष्णन यांच्या मल्याळम 'विधेयन'मध्ये मामुट्टीसोबत काम केलेली. 'बाजीराव मस्तानी'त डोक्याचे केस काढून राधाबाई केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कुठला? सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री. आईला फिल्मफेअर मिळालं तेही सहायक अभिनेत्रीचंच. साठ वर्षांचं अंतर आहे, रकाना एकच.

नात सैयामी खेर, नाशिकला वाढलेली. 'मिर्झिया', रितेश देशमुखसोबत मराठी 'माऊली', अनुराग कश्यपचा 'चोक्ड' आणि मग २०२३ चा 'घूमर', एक हात गमावलेल्या महिला क्रिकेटपटूची भूमिका. तिच्या बातम्या निघतात तेव्हा उषा किरण यांचं नाव येतं. चांगलंच आहे. पण एकेकाळी सिनेमाच्या पाटीवर ठळक असलेलं नाव आता नातीच्या बातमीत 'आजी' म्हणून येतं.

आता 'कल्पना'कडं परत येतो, म्हणालो होतो ना.

ज्या 'कल्पना'त उषा किरण यांची भूमिका जेमतेम होती, तो सिनेमा मार्टिन स्कोर्सेसी यांच्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशननं दुरुस्त करून घेतला आणि २०१२ ला कान महोत्सवाच्या क्लासिक्स विभागात दाखवला. मूळ प्रत आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडं होती. म्हणजे ठरवलं तर जुना सिनेमा वाचवता येतो. पण त्यासाठी आधी कुणीतरी म्हणावं लागतं की हा महत्त्वाचा आहे.

आणि कुणी म्हटलं नाही तर काय होतं, तेही पुण्यानं बघितलंय. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सिनेमे नायट्रेट फिल्मवर निघायचे. ही फिल्म पेट घ्यायला नुसतं निमित्त शोधत असते. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात प्रभातच्या त्याच जुन्या आवारात संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म्सना आग लागली आणि भारतीय सिनेमाचा केवढा तरी जुना ठेवा राख झाला. त्यानंतर राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान आलं, सिनेमे स्कॅन व्हायला लागले, काही नव्यानं झळकलेही. पण रांग मोठी आहे. आणि रांगेत पुढं कोण जातं? ज्याचं नाव लोकांना आठवतं तो. सत्यजित राय जातात, राज कपूर जातात, गुरुदत्त जातात. १९५४ च्या मराठी 'पोस्टातली मुलगी'साठी कोण भांडणार?

एक प्रयोग करून बघा. मोबाईल काढा आणि 'पतिता' शोधा. मग 'चुपके चुपके' शोधा. आणि मग 'पोस्टातली मुलगी', 'कांचनगंगा', 'जशास तसं' शोधा. किती सापडतं, कसल्या दर्जाचं सापडतं, पूर्ण सिनेमा मिळतो की नुसती दोन गाणी, ते बघा. अगदी हाच प्रयोग दलजीत कौर यांच्या सिनेमांवर एखादा लुधियानाचा मुलगा करून बघू शकतो.

आमच्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर आणखी एक गोष्ट आहे. पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला तेव्हा कचेऱ्या वाटल्या गेल्या, फायली वाटल्या गेल्या, नकाशे नवे निघाले. माणसांची यादी मात्र कुणी वाटत नाही, ती आपणच करायची असते. ठाण्यात नाट्यगृहाला डॉ. काशिनाथ घाणेकर यांचं नाव आहे, राम गणेश गडकरींचं रंगायतन आहे. आमच्याकडं पालघर म्हटलं की वाढवण बंदर, बोईसरची एमआयडीसी, तारापूरचं अणुकेंद्र, जव्हारची वारली चित्रं. यात वसईच्या उषा मराठेंचं नाव घालायला कुणाची परवानगी लागत नाही. शाळेतल्या पोराला 'आपल्या जिल्ह्यातली व्यक्ती' असा प्रकल्प दिला तर त्यात हे नाव यायला हवं, आणि नावासमोर 'तन्वी आझमीची आई' लिहायच्या ऐवजी 'शिकलेली बायको'ची नायिका, फिल्मफेअरची पहिली सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री, असं लिहिलेलं हवं.

वसईतल्या घराचा पत्ता वगैरे शोधत बसायची गरज नाही. 'पतिता' लावा, पहिली वीस मिनिटं बघा. देव आनंदकडं लक्ष जाईलच, ते जाऊ द्या. भीक मागणाऱ्या त्या मुलीकडं बघा.